नागीण, गोवर, कावीळ, एचआयव्ही: अंगात मुक्काम ठोकणारे विषाणू, आपला मेंदू आणि प्रतिकारशक्ती

गटप्रवर्तक ताई
मी यवतमाळ जिल्ह्यात आशा ताईंची गटप्रवर्तक म्हणून काम करते. हा धागा काढायचं कारण एकच. गावोगाव एक समज पक्का बसलाय की ताप उतरला, पुरळ सुकलं म्हणजे आजार गेला. पुष्कळ आजारांत ते खरंही असतं. साधी सर्दी, फ्लू, डेंग्यू यांचे विषाणू शरीर थोड्या दिवसांत हुसकावून लावतं. पण काही विषाणू जातच नाहीत. वर्षानुवर्षं अंगात राहतात आणि कधीतरी त्रास देतात. तोवर जुना आजार सगळे विसरलेले असतात, म्हणून दोन्हींचं नातं कोणी जोडत नाही. म्हातारीची आग 'उष्णता' ठरते, पोराचे झटके 'बाहेरचं' ठरतात, कावीळ झालेल्या माणसाचं बरळणं दारूच्या खात्यात जातं.

कापूस वेचणीच्या दिवसांत एका घरी गेले होते. साठीतल्या बाई ओसरीवर एका कुशीवर बसलेल्या, उजव्या बरगडीवर गेरूचा लेप वाळून तडकलेला. लेपाखालचे फोड केव्हाच सुकले होते. पण लुगड्याचा पदर लागला तरी त्या कळवळत होत्या. वाऱ्याची झुळूक आली की हात आडवा धरायच्या. सून म्हणाली, "नागीण तर उतरली ताई, आता ह्या काहून रडून राहिल्या समजत नाही." त्या रडत होत्या कारण फोड गेले तरी नस दुखावलेलीच होती. ते घरात कोणी सांगितलं नव्हतं.

इथे डॉक्टर, नर्स, शिक्षक असे बरेच जण आहेत. ज्याला जे नक्की माहीत आहे आणि ज्यानं जे पाहिलंय ते लिहावं. व्हॉट्सअॅपवरचे पुढे ढकललेले मेसेज नकोत. रुग्णाची ओळख पटेल असं काही लिहू नका.

पुसदचा पोट्टा
चांगला विषय ताई. मले एक सांगा, चांदीपुरा यातच येतो का? आमच्या इकडं मेंदूचा ताप म्हटलं की लोक तेच नाव घेतात.

निवृत्त वैद्यकीय अधिकारी
नाही, तो वेगळा. चांदीपुरा विषाणू १९६५ मध्ये आपल्या नागपूरकडेच पहिल्यांदा सापडला, म्हणून गावाचं नाव त्याला लागलं. २००३ मध्ये आंध्रासोबत विदर्भातही त्याची साथ आली होती. वाळूमाशी चावून होतो, लहान मुलांना गाठतो आणि काही तासांत, दोन दिवसांत सगळा निकाल लागतो. तो अंगात मुक्काम करत नाही. पोराला अचानक जोराचा ताप, झटके, शुद्ध हरपणं असं काही दिसलं तर हा धागा वाचत बसू नका, गाडी काढा.

आता मूळ विषयाकडे. विषाणू अंगात 'राहतो' याच्या तीन तऱ्हा आहेत, त्या आधी सुट्या करून घेऊ.

कांजिण्यांचा विषाणू निजतो. लहानपणी माता निघते, पुरळ सुकतं, आणि विषाणू संवेदनेच्या नसांतून वर सरकत पाठीच्या कण्यालगतच्या नसांच्या गाठींमध्ये जाऊन पडून राहतो. काहींच्या बाबतीत चेहऱ्याच्या नसेच्या गाठीत. तिथे तो चाळीस-पन्नास वर्षंही गप्प राहू शकतो. वय झालं, मधुमेह बळावला, कॅन्सरची औषधं किंवा स्टेरॉइड सुरू झाली, एचआयव्हीनं प्रतिकारशक्तीच्या पेशी कमी झाल्या की पहारा ढिला पडतो. मग विषाणू जागा होऊन त्याच नसेतून खाली उतरतो. तीच नागीण. तापानंतर ओठाच्या कडेला ज्यांना वारंवार फोड येतात, त्यांचा विषाणूही याच कुळातला.

हिपॅटायटिस बी आणि सी, म्हणजे यकृतात राहणारे काविळीचे दोन विषाणू, आणि एचआयव्ही यांची तऱ्हा दुसरी. यांत नव्या विषाणूंची पैदास रोज चालू असते. माणूस वावरात जातो, बैल जुंपतो, वरून काही दिसत नाही. आत मात्र रोजची झटापट असते.

तिसरी तऱ्हा गोवराची. ती फार थोड्यांत दिसते, पण तिच्याइतकी वाईट दुसरी नाही. त्यावर इथले शिक्षक लिहितील तर बरं, कारण अशी मुलं आमच्या आधी त्यांना दिसतात.

मेंदूला इजा दोन वाटांनी होते. एक सरळ वाट. विषाणू स्वतः मेंदूत शिरतो किंवा मेंदूच्या रक्तवाहिन्यांना सूज आणतो. चेहऱ्यावरच्या, विशेषतः डोळ्याजवळच्या नागिणीनंतर पुढचे काही महिने पक्षाघाताचा धोका वाढतो, तो याच कारणानं.

दुसरी वाट लोकांना ठाऊक नसते. विषाणू मेंदूत गेला नाही तरी प्रतिकारशक्ती लढताना जी रसायनं रक्तात सोडते, ती मेंदूपर्यंत पोचतात. साध्या तापात आपल्याला जेवण नको वाटतं, बोलणं नको वाटतं, कोपऱ्यात पडून राहावंसं वाटतं. ते विषाणू करत नाही, आपल्याच रसायनांचं ते काम. याचा पुरावा हिपॅटायटिस सीच्या जुन्या उपचारानंच दिला. तेव्हा इंटरफेरॉनची इंजेक्शनं महिनोन् महिने द्यावी लागत. इंटरफेरॉन म्हणजे शरीर विषाणूविरुद्ध स्वतः तयार करतं तेच रसायन. ते बाहेरून टोचल्यावर चांगली हसती-खेळती माणसं उदास व्हायची, झोप उडायची, काहींच्या मनात जीव द्यायचे विचार यायचे. इंजेक्शन थांबल्यावर बहुतेकांचं मन पुन्हा ताळ्यावर यायचं. म्हणून जुनाट संसर्गाचा रोगी 'कशातच मन लागत नाही जी' म्हणतो, तेव्हा त्याला आळशी म्हणू नका.

आणि प्रतिकारशक्तीचं काय होतं? हरणं-डुकरं रोजच येत असली की जागल करणारा माणूस महिन्याभरात मचाणावर बसल्या बसल्या पेंगू लागतो. विषाणू शिरलेल्या पेशी शोधून मारणाऱ्या ज्या टी पेशी असतात, त्यांचं तसंच होतं. विषाणू रोजच समोर असला की त्या थकतात. मरत नाहीत, पण मारायचं विसरतात. त्यांच्या अंगावर पीडी-१ नावाचा एक 'थांब' म्हणणारा खटका असतो. तो कायमचा दाबलेला राहतो. हे आधी उंदरांच्या एका जुनाट विषाणूत दिसलं, मग माणसांच्या एचआयव्ही आणि हिपॅटायटिसमध्येही दिसलं. तासुकू होन्जो या जपानी शास्त्रज्ञांनी पीडी-१ शोधला. त्यांना आणि जेम्स अॅलिसन यांना २०१८ चं नोबेल मिळालं ते असे खटके सोडवून कॅन्सरवर उपचार करता येतात म्हणून.

आर्वीकर
डॉक्टर साहेब, जागल कळली. आमच्या गावात अजून म्हणतात, नागिणीचं तोंड आणि शेपूट जुळलं की माणूस दगावतो. माझ्या बापानं त्या भीतीनं रात्रभर डोळ्याला डोळा लावला नाही. हे खरं असतं का?

प्रा.आ. केंद्रातली सिस्टर
नाही भाऊ. नसा कण्यातून जोडीनं निघतात, एक डावीकडे, एक उजवीकडे. प्रत्येक नस आपापल्या बाजूचा पट्टा सांभाळते आणि छाती-पोटाच्या मधोमध येऊन संपते. विषाणू सहसा एकाच नसेत जागा होतो, म्हणून फोड एका अंगालाच येतात आणि मध्यरेषेशी थांबतात. तोंड-शेपूट जुळायचा प्रश्नच येत नाही. फोड अंगभर किंवा दोन्ही बाजूंना पसरले तर त्याचा अर्थ प्रतिकारशक्ती फार खालावली आहे. अशा माणसाला तातडीनं मोठ्या दवाखान्यात न्यायचं.

भीती तोंड-शेपटाची नको, वेळ वाया जायची हवी. पहिला फोड दिसल्यापासून ७२ तासांच्या आत विषाणूविरुद्धची गोळी सुरू झाली तर सगळ्यात जास्त फायदा. असायक्लोविर मोठ्या माणसाला बहुधा ८०० मिलिग्रॅम, दिवसातून पाच वेळा, सात दिवस देतात. ज्यांची किडनी कमजोर आहे त्यांचा डोस वेगळा असतो, म्हणून दुकानातून आपल्या मनानं घ्यायची नाही. आमच्याकडे रोगी येतो तेव्हा आठवडा उलटलेला असतो. आधी गेरू, मग मंत्र, मग कोणाच्या तरी मामाची जडीबुटी. गेरूनं विषाणू मरत नाही. त्यात शेण-माती मिसळली तर फोड पिकतात.

एक लक्षात ठेवा. फोड यायच्या दोन-चार दिवस आधीच एका बाजूला आग, ठणका, मुंग्या सुरू होतात. तेव्हा कातडी साफ असते. छातीत असेल तर लोकांना हार्टचं वाटतं, कमरेत असेल तर मुतखड्याचं. मी पेशंटला सांगून ठेवते, रोज आंघोळीच्या वेळी ती जागा पाहा.

अडेगावची सून
सिस्टर, आमच्या सासूबाईंना काल रात्रीपासून डाव्या कपाळावर आणि पापणीवर फोड आलेत. नाकाच्या शेंड्यावर पण दोन आहेत. डोळा लाल झालाय. दवाखान्यात सोमवारी न्यायचं म्हणून राहिले घरचे.

प्रा.आ. केंद्रातली सिस्टर
सोमवारची वाट पाहू नका ताई, आजच न्या. नाकाच्या शेंड्याला आणि डोळ्याच्या आतल्या भागाला एकाच नसेची फांदी जाते. नाकावर फोड म्हणजे डोळ्याला इजा व्हायची शक्यता मोठी. बुबुळाला जखम होते, नजर जाऊ शकते. जिथे डोळ्यांचे डॉक्टर आहेत अशा ठिकाणी न्या, उपजिल्हा किंवा जिल्हा रुग्णालय. डोळ्यात तूप, मध, गुलाबपाणी काहीही घालू नका. घरात पडलेले स्टेरॉइडचे ड्रॉप तर मुळीच नको.

अडेगावची सून
निघालो. दिराची गाडी आहे.

गुरुजी, अचलपूर तालुका
डॉक्टरांनी गोवराबद्दल शिक्षकांना लिहायला सांगितलं म्हणून लिहितो. हे लिहिणं मला जड जातंय, पण लिहिलं पाहिजे.

माझ्या वर्गात चौथीला एक मुलगा होता. हुशार, पाढे तोंडपाठ. दिवाळीनंतर त्याचं अक्षर बिघडू लागलं. आधी ओळ सोडून खाली घसरायचं, मग अक्षरं अर्धवट राहू लागली. 'क' काढायला घ्यायचा आणि दांडी ओढून थांबायचा, जणू पुढे काय करायचं ते आठवत नाही. मी वहीवर शेरे मारले. घरी त्याला मार बसला. मग प्रार्थनेला उभा असताना मान एकदम खाली पडायची आणि लगेच वर यायची. काही सेकंदांनी पुन्हा तेच. बराच वेळ पाहिल्यावर माझ्या लक्षात आलं की त्या झटक्यांना एक ठेका आहे. हातातली पेन्सिल ठेक्यात पडायची. झोपेत मात्र झटके थांबायचे असं त्याची आई सांगायची, आणि त्यामुळेच गावाचा समज झाला की पोराला जागेपणी कोणीतरी धरतं. दोन-तीन ठिकाणी उतारे झाले, कोंबडं कापलं.

शेवटी नागपूरला नेलं. मेंदूचा आलेख काढला, पाठीतलं पाणी तपासलं. त्या पाण्यात गोवराविरुद्धच्या प्रतिपिंडांचं (अँटिबॉडीजचं) प्रमाण प्रचंड निघालं. आईला विचारलं तर तिला आठवलं, पोरगा वर्षाचाही नव्हता तेव्हा वीटभट्टीवर असताना त्याला गोवर निघाला होता. चार दिवसांत बराही झाला होता. लस राहून गेली होती. कुटुंब कामासाठी फिरतं, लसीच्या दिवशी गावात कोणीच नसायचं.

तो मुलगा आता नाही. पाचवीचं पुस्तक त्यानं उघडलंच नाही.

पुसदचा पोट्टा
गुरुजी, वाचून गळा दाटून आला. गोवर निघून इतकी वर्षं झाल्यावर असं होऊ शकतं, हे मले माहीतच नव्हतं.

निवृत्त वैद्यकीय अधिकारी
गुरुजी, तुम्ही लिहिलंत ते फार बरं केलं. या आजाराला आम्ही एसएसपीई म्हणतो. गोवरानंतर साधारण सहा ते दहा वर्षांनी उद्भवतो. दोन वर्षांच्या आत गोवर झालेल्या मुलांना धोका सगळ्यात जास्त, आणि मुलींपेक्षा मुलग्यांत जास्त दिसतो. गोवराचा विषाणू मेंदूत राहून जातो, त्याच्या घडणीत बिघाड होतो, आणि त्यामुळे तो पेशीच्या बाहेर पूर्ण रूपात पडतच नाही. एका पेशीतून शेजारच्या पेशीत सरकत जातो. रक्तातल्या प्रतिपिंडांच्या हाती तो लागत नाही. प्रतिकारशक्ती ढीगभर प्रतिपिंडं बनवते आणि ती सगळी वाया जातात. बहुतेक मुलं एक ते तीन वर्षांत जातात. औषधांनी काहींचा आजार काही काळ मंदावतो, पण बरं करणारं औषध आज नाही.

लसीमुळे एसएसपीई होत नाही, हे ठळक सांगतो, कारण तशीही अफवा असते. लसीमुळे गोवर टळतो म्हणून हा आजार टळतो.

गोवराचं दुसरं कारस्थान प्रतिकारशक्तीवर आहे. ज्या पेशी जुन्या आजारांची आठवण जपून ठेवतात, त्यांच्यातच हा विषाणू शिरतो आणि त्या मारून टाकतो. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात नेदरलँड्समधल्या लस न घेतलेल्या मुलांचं रक्त गोवराच्या आधी आणि नंतर तपासलं होतं. पूर्वीच्या आजारांविरुद्ध जमवलेल्या प्रतिपिंडांपैकी ११ ते ७३ टक्के नाहीशी झाली होती. म्हणजे पोरानं आधी सोसलेले न्यूमोनिया, जुलाब यांची कमाई गेली. आमच्या नोकरीत आम्ही पाहायचो, गोवर 'बरा' झालेलं मूल दोन-तीन महिन्यांनी हगवणीनं किंवा फुप्फुसाच्या आजारानं परत यायचं. आई म्हणायची, 'गोवर आल्यापासून लेकरू खंगलं.' आई बरोबर सांगत होती. गोवर निघालेल्या मुलाला 'अ' जीवनसत्त्वाचे दोन डोस द्यायचे असतात, ते विसरू नका.

मेळघाटातली नर्स
इथे धारणी-चिखलदऱ्याच्या गावांत आजारी पोर आधी भूमकाकडे, म्हणजे गावच्या मांत्रिक-वैदूकडे जातं. पोट फुगलेल्या बाळाच्या पोटावर तापलेल्या विळ्यानं डंबा देतात. आम्ही आता भूमकांशी भांडत नाही. त्यांना सांगतो, तुमचं तुम्ही करा, पण झटके, न उतरणारा ताप, पोर दूध ओढत नसेल तर त्याच दिवशी आमच्याकडे पाठवा, आणि चटका देऊ नका. काही भूमका खरंच पाठवतात. एकानं तर स्वतःच्या नातवाला सगळ्यात आधी लसीला आणलं, मग वस्तीतली बाकीची आली.

समुपदेशक
मी एचआयव्हीच्या कामात आहे. या विषयावर आजही लोक कुजबुजत बोलतात, म्हणून इथे मोकळं लिहिते.

एचआयव्ही रक्तातल्या सीडी-४ नावाच्या प्रतिकारशक्तीच्या पेशी खातो एवढं बहुतेकांना माहीत असतं. तो मेंदूतही जातो, लागण झाल्यावर पहिल्या काही आठवड्यांतच. विचार करणाऱ्या पेशींना तो थेट धरत नाही. मेंदूची राखण करणाऱ्या ज्या पेशी असतात त्यांच्यात घर करतो, आणि त्या पेटून उठल्या की शेजारच्या पेशी भाजतात. औषधं नसतील तर माणूस संथ होत जातो. हिशेब चुकतो, पाय अडखळतात, बाजारात गेलेला काय आणायचं ते विसरून परत येतो. त्याशिवाय सीडी-४ फार खाली गेल्या की मेंदूत टीबी आणि बुरशीचा संसर्ग होतो. आठवड्यांपासून न थांबणारी डोकेदुखी आणि उलट्या असतील तर आम्ही आधी तेच शोधतो.

सरकारी एआरटी केंद्रात, म्हणजे एचआयव्हीच्या उपचार केंद्रात, औषध १ एप्रिल २००४ पासून फुकट मिळतं. २०१७ पासून सीडी-४ कितीही असो, निदान झालं की लगेच उपचार सुरू होतात. आता बहुतेकांना दिवसाला एकच गोळी. ती नियमित घेतली की रक्तातला विषाणू इतका खाली येतो की तपासणीत सापडत नाही, आणि मग शरीरसंबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. नवरा-बायकोला हे सांगितलं की दोघंही आधी माझ्याकडे अविश्वासानं पाहतात. मी त्यांना रिपोर्टवरचा आकडा दाखवते.

तरी विषाणू संपत नाही. काही पेशींमध्ये दडून बसतो आणि गोळी थांबली की काही आठवड्यांत वर येतो. तूर काढणीला, सोंगणीला लोक बाहेरगावी जातात आणि गोळ्या संपतात. जायच्या आधी केंद्रात सांगा, जास्तीच्या दिवसांचं औषध मिळू शकतं, किंवा जिथे जाल तिथल्या केंद्रातून घेता येतं.

माझी एक तक्रार आहे. एका खाजगी दवाखान्यात माझ्या एका रुग्णाच्या पलंगाला लाल अक्षरांत पाटी लावली होती. २०१७ च्या कायद्यानं कोणाचीही लागण अशी जाहीर करता येत नाही, उपचार नाकारता येत नाहीत. कोणाला काही विचारायचं असेल तर १०९७ हा नंबर फुकट आहे, नाव सांगावं लागत नाही.

आर्वीकर
ताई, आमच्या भागात एक जण आधी गोळीनं रात्री भलतीच स्वप्नं पडतात, चक्कर येते म्हणून सोडून बसला होता. ते औषधाचं की विषाणूचं?

समुपदेशक
बहुधा औषधाचं. आधीच्या गोळीत एफाविरेन्झ होतं, त्यानं पुष्कळांना तसं व्हायचं. आता त्याऐवजी डोल्युटेग्राविर असतं, तो त्रास खूप कमी झालाय. त्यांना परत पाठवा भाऊ. कोणी रागावणार नाही.

निवृत्त वैद्यकीय अधिकारी
कावीळ राहिली, तीही उरकतो. दूषित पाण्यानं होणारी कावीळ, म्हणजे हिपॅटायटिस ए आणि ई, बहुतेकांची आपोआप बरी होते. चुन्याच्या पाण्यात हात धुवून पिवळं पाणी काढणारे, गळ्यात माळ घालणारे यांची कीर्ती याच काविळीवर उभी आहे. बी आणि सी रक्तातून, सुईतून, शरीरसंबंधातून आणि आईकडून बाळाला जातात, आणि राहतात. बाळंतपणात बी लागलेल्या बाळांपैकी ९० टक्के बाळांत तो कायमचा राहतो. मोठेपणी लागला तर शंभरात पाचांपेक्षाही कमी लोकांत. बाळाची प्रतिकारशक्ती त्याला परका समजतच नाही, म्हणून हा फरक. जन्मल्यापासून २४ तासांच्या आत बी ची लस द्यायची ती यासाठी. घरी बाळंतपण झालं की नेमका हाच डोस हुकतो.

यकृत पार निकामी झालं की रक्तातला अमोनिया साफ होत नाही आणि तो मेंदूवर चढतो. माणूस दिवसा झोपतो, रात्री फिरतो, शर्टाची बटणं वरखाली लावतो, हात समोर धरायला सांगितले तर पंजे फडफडतात. गावात म्हणतात, पिऊन आलाय. कधीकधी त्यानं आयुष्यात थेंबही घेतलेला नसतो. शौच साफ होणं, जंतुसंसर्ग आवरणं आणि योग्य औषध, एवढ्यानं तो माणूस दोन दिवसांत घरच्यांना नावानं हाक मारू लागतो.

सी आता बरा होतो. सोफोसबुविर आणि डॅक्लाटासविर, बहुतेकांना बारा आठवडे, आणि २०१८ पासून राष्ट्रीय कार्यक्रमात हे औषध मोफत आहे. बी पुसला जात नाही, पण रोजच्या गोळीनं दाबून ठेवता येतो.

तूरदाळ
मी निवृत्त मुख्याध्यापक, वय ७१. मला अलीकडे नावं आठवत नाहीत. म्हातारपणीच्या विसराळूपणामागे विषाणू असतो असं वाचलं. काय खरं धरायचं?

निवृत्त वैद्यकीय अधिकारी
सर, जेवढं पक्कं आहे तेवढंच सांगतो. वेल्समध्ये नागिणीची जुनी जिवंत लस देताना सरकारनं एक तारीख ठरवली होती. २ सप्टेंबर १९३३ ला किंवा नंतर जन्मलेले पात्र, त्याआधी जन्मलेले अपात्र. म्हणजे एका आठवड्याच्या फरकानं जन्मलेली, बाकी सगळ्या बाबतीत सारखी माणसं दोन गटांत पडली. सात वर्षांनी पाहिलं तर लस घेतलेल्यांत स्मृतिभ्रंश सुमारे पाचव्या हिश्श्यानं कमी होता. हे २०२५ मध्ये प्रसिद्ध झालं. याचा अर्थ प्रत्येक विसराळूपणा विषाणूनं होतो असा नाही. निजलेला विषाणू आणि म्हातारा मेंदू यांचा संबंध असावा, एवढं मानायला हा भक्कम आधार आहे.

तसाच भक्कम आधार एप्स्टाईन-बार नावाचा, अंगात कायम राहणारा विषाणू आणि मल्टिपल स्क्लेरोसिस हा मेंदू व नसांचा आजार यांच्या संबंधाला आहे. अमेरिकी सैन्यातल्या एक कोटीहून जास्त लोकांच्या वीस वर्षांच्या नोंदींवरून २०२२ मध्ये दिसलं की त्या विषाणूची लागण झाल्यावर या आजाराचा धोका ३२ पट वाढतो. विषाणूच्या एका प्रथिनाचा तुकडा मेंदूतल्या एका प्रथिनासारखा दिसतो, आणि प्रतिकारशक्ती आपल्याच नसांच्या वेष्टणावर तुटून पडते. पण हा विषाणू दहातल्या नऊहून जास्त माणसांत असतो आणि आजार फार थोड्यांना होतो. म्हणून त्याची तपासणी करत फिरू नका.

तुमच्यासाठी सांगायचं तर आधी बी-१२, थायरॉइड, साखर, रक्तदाब आणि कानाचं बघून घ्या. नावं न आठवण्याची कारणं बहुतेक वेळा तिथे सापडतात. नागिणीची नवी लस २०२३ पासून भारतात मिळते, पन्नाशीनंतर दोन डोस. ती फोड आणि नंतरच्या ठणक्यापासून चांगलं संरक्षण देते. किंमत मात्र हजारोंत आहे आणि सरकारी दवाखान्यात ती दिली जात नाही.

पुसदचा पोट्टा
मग प्रतिकारशक्ती वाढवायला गुळवेल, काढा चालतो का? कोरोनात आमच्या घरी भगोनं भरून उकळत होते.

निवृत्त वैद्यकीय अधिकारी
रोज भगोनंभर नको. गुळवेल घेतल्यावर यकृताला इजा झालेले रुग्ण मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये नोंदवले आहेत. ज्यांना हिपॅटायटिस आहे त्यांनी तर लांबच राहावं. आणि जुनाट संसर्गात प्रतिकारशक्ती कमी पडते असंच नसतं. अनेकदा ती नको तिथे, नको तेवढी पेटलेली असते. तिला आणखी पेटवून काय मिळणार?

अडेगावची सून
कालपासून दवाखान्यात आहोत. डोळ्याच्या डॉक्टरांनी पाहिलं. बुबुळावर थोडी सूज आहे, गोळ्या आणि मलम चालू केलं. वेळेवर आणलं म्हणाले. दुखणं फार आहे. झोप नाही त्यांना.

प्रा.आ. केंद्रातली सिस्टर
छान केलंत. दुखण्याचं डॉक्टरांना आवर्जून सांगा, सहन करत बसायचं नाही. साध्या पेनकिलरनं हे दुखणं जात नाही, नसेच्या दुखण्याची वेगळी औषधं असतात, प्रीगॅबालिन, गॅबापेंटिन, अमिट्रिप्टिलिन. त्यांनी आधी थोडी गुंगी येते, म्हणून रात्री एकटं उठू देऊ नका. आणि फोडांवर खपल्या धरेपर्यंत घरातल्या गरोदर बाईनं आणि कांजिण्या न झालेल्या लहानग्यांनी जवळ जाऊ नये. त्यांना नागीण होत नाही, कांजिण्या होऊ शकतात.

गटप्रवर्तक ताई
धागा चांगला चाललाय, सगळ्यांची आभारी आहे. ज्या बाईंचं मी वर लिहिलं त्यांना नसेच्या दुखण्याची गोळी सुरू झालीय आणि त्या बऱ्यापैकी झोपतात.

गुरुजींचं वाचल्यापासून डोक्यात एकच चालू आहे. आमच्या भागातली कुटुंबंही वीटभट्टीवर, सोंगणीला जातात. नोव्हेंबर २०१८ च्या गोवर-रुबेला मोहिमेत शाळेतल्या बहुतेक मुलांना लस मिळाली, पण त्यानंतर जन्मलेल्यांत फिरतीवरची मुलं सुटतात. पहिला डोस ९ ते १२ महिन्यांत, दुसरा १६ ते २४ महिन्यांत. वय उलटून गेलं असेल तर काय करायचं? आशा ताई विचारून राहिल्या.

मेळघाटातली नर्स
पाच वर्षांपर्यंत राहिलेला डोस देता येतो. मूल उशिरा सापडलं म्हणून परत पाठवायचं नाही. दोन्ही राहिले असतील तर एक आज आणि दुसरा किमान महिन्याभराच्या अंतरानं. आम्ही यादी होळीच्या आठवड्यात करतो, कारण कोरकू कुटुंबं कुठेही असली तरी होळीला गावात येतातच. फगवा, म्हणजे होळीचे पैसे, मागायला पोरं रस्त्यावर असतात, तेव्हाच नावं लिहून घेतो आणि दुसऱ्या दिवशी लसीचं सत्र लावतो. तुमच्याकडे लोक कधी परततात ते आशा ताईंना विचारा, पोळा किंवा दिवाळी असेल. कार्ड हरवलेलं असलं तरी लस द्यायची, नवं कार्ड करून त्यावर तारीख टाकायची. आणि भट्टी तुमच्या हद्दीत असेल तर तिथल्या बाहेरच्या पोरांनाही धरा, त्यांच्या गावची नर्स त्यांना शोधतच असते.

गटप्रवर्तक ताई
भट्ट्या आहेत, नदीच्या काठाला. तिथे आजवर कोणाचं सत्र लागलेलं नाही. या महिन्याच्या आराखड्यात टाकते.